त्याची जमा झाली का?

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करा, असा निरोप आमच्या गावात यायचा. कोरेगाव तालुक्यातलं छोटं गाव, बंदुका दोनच. एक आमच्या आबांची, बारा बोरची, फौजेतून पेन्शनीवर आल्यावर घेतलेली. दुसरी भावकीतल्या तात्यांची. ओढ्याकडच्या रानाच्या बांधावरून दोन्ही घरांत वाद होता. कोर्टात तारखा चालू होत्या आणि रस्त्यात गाठ पडलीच तर दोघंही तोंड फिरवून जायचे. निरोप आला की आबा बंदूक जुन्या धोतरात गुंडाळायचे, काडतुसांची पिशवी माझ्या हातात द्यायचे आणि मला सायकलच्या दांडीवर बसवून ठाण्याकडे निघायचे.

ठाण्यात पोहोचल्यावर मात्र ते बंदूक लगेच टेबलावर ठेवत नसत. ठाणे अंमलदाराला आधी विचारायचे, "त्याची जमा झाली का?" झाली असेल तर रजिस्टरातली नोंद दाखवा म्हणायचे. झाली नसेल तर बाहेर झाडाखालच्या कट्ट्यावर बसून राहायचे. एकदा आम्ही दुपारी दोनपर्यंत तिथं बसलो होतो. मग तात्या आले. आमच्याकडे एकदा बघून आत गेले. आबा उठून त्यांच्या मागोमाग आत गेले. दोन्ही बंदुका एकाच टेबलावर आल्या, अंमलदारानं दोन्हींचे नंबर लिहून घेतले, दोन पावत्या फाडल्या. आबांनी खिशातली पेन्सिल काढून पावतीच्या मागं तात्यांच्या बंदुकीचा नंबर टिपून घेतला. तात्यांनीही आमचा टिपला. परत येताना दोघं एका वाटेनं आले, पण बोलले नाहीत. बांधाचा वाद जागच्या जागी होता. फक्त त्या महिन्यात आबा रात्री रानात पाणी धरायला गेले की आई दारात उभी राहत नसे.

पुढं मी साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवू लागले. निःशस्त्रीकरण हा शब्द फळ्यावर लिहिताना दर वेळी मला तो कट्टा आठवायचा. मुलांना मात्र त्या शब्दावरून भलतंच काही आठवायचं: पांढरी कबुतरं, गळाभेटी, पुढाऱ्यांची भाषणं. मोठ्या माणसांचंही तसंच होतं. आपण निःशस्त्रीकरण म्हणतो, पण मनात शस्त्रसंन्यास असतो. संन्यास एकट्यानं घेता येतो. त्याला साक्षीदार लागत नाही, समोरचा काय करतो हे बघावं लागत नाही. निःशस्त्रीकरणाला समोरचा लागतो. तो मित्र असून चालत नाही, कारण मित्राबरोबर असला करार करायची वेळच येत नाही. विश्वास नसतो तिथंच रजिस्टर लागतं, नंबर लागतो, पावती लागते आणि "त्याची जमा झाली का" हा प्रश्न विचारायची मुभा लागते. त्यातून सगळी शस्त्रं गेली तर निःशस्त्रीकरण, काही गेली तर शस्त्रकपात, आणि गेली नाहीत पण किती, कुठं, कसली हे एकमेकांना कळलं तर शस्त्रनियंत्रण. तिन्हींचा पाया मोजणी हाच आहे.

सातारा जिल्ह्यात हा विषय काढणं सोपं नाही. इथं एका गावाच्या नावालाच मिलिटरी हा शब्द जोडलेला आहे. अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात उभं आहे. देशातली पहिली सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. चीनच्या युद्धात मार खाल्ल्यावर नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं ते यशवंतराव चव्हाणांना; ते जन्मले ते देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. प्रतिसरकारची तुफान सेना कुंडलच्या मातीतली; तेही तेव्हा साताऱ्यातच होतं. खंडेनवमीला घराघरांत शस्त्र पुजणाऱ्या या मुलखाला शस्त्र हे पाप आहे असं सांगायला मी आलेले नाही, आणि तसं मला वाटतही नाही. मला वाटतं ते असं: ज्या जिल्ह्यातून पोरं सीमेवर जातात, त्यानंच शस्त्रकपातीच्या करारांची मागणी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात करायला हवी. करार नसल्याचा हप्ता पहिल्यांदा त्याच्याच घरातून वसूल होतो.

एका लढाऊ विमानाच्या पैशात किती शाळा बांधता येतील, असा हिशोब या विषयावर बोलणारे हमखास मांडतात. तो मी मांडणार नाही. स्टॉकहोमच्या शांतता संशोधन संस्थेच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये जगानं लष्करावर सुमारे दोन लाख बहात्तर हजार कोटी डॉलर खर्च केले. रक्कम भयंकर आहे यात शंका नाही. पण ज्या आईचा मुलगा सियाचीनला आहे, तिला त्याच्या बुटांवर आणि बंदुकीवर खर्च नको असं कुणी सांगू नये. खर्चाच्या वाटेनं गेलं की वाद लगेच देशभक्तीवर घसरतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

मूळ मुद्दा बरोबरीचा आहे. एकट्याला नि:शस्त्र केलं की काय होतं, हे साताऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पेशवाई बुडवल्यावर ईस्ट इंडिया कंपनीनं २५ सप्टेंबर १८१९ रोजी छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला. महाराजांनी कंपनीच्या संमतीशिवाय आपलं सैन्य वाढवायचं नाही, कमीही करायचं नाही, बाहेरच्या कुणाशी परस्पर व्यवहार ठेवायचा नाही, ही त्यातली कलमं. कंपनीनं स्वतःचं सैन्य किती ठेवावं यावर त्या तहात एक अक्षर नव्हतं. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा ठपका ठेवून महाराजांना पदच्युत केलं आणि काशीला धाडलं. १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं. अजिंक्यताऱ्याला वेढा घालावा लागला नाही, तोफ डागावी लागली नाही. ते काम आधीच कागदावर झालं होतं. मग १८७८ चा शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना त्यातून सूट.

साताऱ्याच्या तहानंतर शंभर वर्षांनी, १९१९ मध्ये, व्हर्सायला तेच झालं. जर्मनीचं सैन्य एक लाखावर आणलं आणि ही सर्व राष्ट्रांच्या शस्त्रकपातीची सुरुवात आहे असं त्याच तहात लिहिलं. बाकीच्यांची कपात आलीच नाही. १९३२ मध्ये जिनिव्हाला जागतिक परिषद भरली तेव्हा जर्मनीनं हेच विचारलं: आमची जमा झाली, तुमची कधी? पुढच्या वर्षी हिटलर सत्तेवर आला आणि ऑक्टोबरात जर्मनी परिषद सोडून गेली. हिटलरला त्या अपमानाचा किती उपयोग झाला, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून १९६८ च्या अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर भारतानं सही केली नाही, ते योग्यच झालं असं मी वर्गात आयुष्यभर शिकवलं आणि आजही तेच म्हणेन. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला ती पाच राष्ट्रं अण्वस्त्रधारी, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. त्या पाचांनी प्रामाणिकपणे निःशस्त्रीकरणाची बोलणी करावीत असं सहावं कलम आहे, पण त्याला मुदत नाही आणि मोजणीही नाही. १८१९ चा कागद आणि हा कागद एकाच हाताचे वाटावेत असे.

पण इथंच आपलं, म्हणजे भारताचं, काहीतरी चुकत गेलं. नकार बरोबर होता. नकार दिला की काम संपलं, हे बरोबर नव्हतं. २ एप्रिल १९५४ रोजी नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली, तेव्हा बिकिनीवरच्या अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बला महिना झाला होता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये हवेतल्या, अवकाशातल्या आणि पाण्याखालच्या चाचण्या बंद करणाऱ्या करारावर भारतानं सही केली. तारीख नीट बघा. चीनकडून हरून वर्षही उलटलं नव्हतं. संरक्षणमंत्री यशवंतराव होते आणि भूदल सव्वाआठ लाखांवर नेण्याची आखणी त्यांच्याच काळात झाली. तेच सरकार, तेच वर्ष. सैन्य उभं करणं आणि करार करणं ही एकाच घरातली दोन कामं आहेत, असं त्या पिढीला वाटत होतं. ९ जून १९८८ रोजी राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांत २०१० पर्यंत अण्वस्त्रमुक्त जगाचा टप्प्याटप्प्याचा आराखडा मांडला. त्यानंतर १९९८ चं पोखरण आलं आणि आपला आवाज खाली गेला. अधिकृत निवेदनांत भेदभावरहित निःशस्त्रीकरणाची मागणी आजही असते. पण ती निवेदनातच राहते. चौकात, वर्तमानपत्रात, निवडणुकीच्या सभेत क्षेपणास्त्राचा पल्ला किती हे सांगितलं जातं, करार किती झाले हे कुणी सांगत नाही.

करारानं काही होतं का, हा मग साहजिक प्रश्न. एका कराराची गोष्ट मी मुलांना सविस्तर सांगायचे, इथंही सांगते.

सोव्हिएत संघानं युरोपवर रोखलेली एसएस-२० क्षेपणास्त्रं आणि अमेरिकेनं १९८३ च्या अखेरीस पश्चिम जर्मनीत आणलेली पर्शिंग-२ यांच्यात पल्ल्यापेक्षा भीती वेळेची होती. पर्शिंग दहा-बारा मिनिटांत लक्ष्य गाठेल असं मॉस्कोत धरून चालत. दहा मिनिटांत खरं काय, खोटं काय कसं ठरवणार? त्याच वर्षी २६ सप्टेंबरच्या रात्री सोव्हिएत इशारा यंत्रणेनं अमेरिकेतून क्षेपणास्त्रं सुटल्याचं दाखवलं. ड्युटीवर होता लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव. त्याला ते पटलं नाही, त्यानं चुकीचा इशारा म्हणून कळवलं, आणि तो बरोबर ठरला. एका अधिकाऱ्याच्या मनाला पटलं नाही म्हणून जग वाचावं, ही काही व्यवस्था म्हणता येत नाही.

८ डिसेंबर १९८७ रोजी रेगन आणि गोर्बाचेव यांनी वॉशिंग्टनला करार केला. जमिनीवरून सोडायची, ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची सगळी क्षेपणास्त्रं नष्ट करायची. १९९१ च्या मे अखेरीपर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रं संपली. त्यातली १,८४६ सोव्हिएतांची, ८४६ अमेरिकेची. आकडे सारखे नाहीत, आणि मला त्यातच खरी शिकवण दिसते. गोर्बाचेव यांनी दुपटीहून जास्त दिली, कारण मोजायचं काय ते त्यांनी नीट ओळखलं होतं. नगाला नग जुळण्यापेक्षा आपल्या डोक्यावरचं ते दहा मिनिटांचं टांगतं घड्याळ उतरणं त्यांना मोलाचं होतं.

आणि ती खरोखर संपली हे कसं कळलं? माणसं जाऊन बसली. रशियात व्होट्किन्स्क नावाचं गाव आहे, संगीतकार चायकोव्स्कीचं जन्मगाव. तिथल्या क्षेपणास्त्र कारखान्याच्या फाटकाशी अमेरिकन निरीक्षक राहायला आले. अमेरिकेत युटामधल्या मॅग्नाला सोव्हिएत निरीक्षक गेले. तेरा वर्षं, रात्रंदिवस. फाटकातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या डब्याची लांबी मोजायची. व्होट्किन्स्कमध्ये तयार होणारं दुसरं, परवानगी असलेलं क्षेपणास्त्र बंदी घातलेल्या एसएस-२० सारखंच दिसायचं, म्हणून तिथं क्ष-किरणांचं यंत्र बसवलं. त्यावरून भांडणंही झाली. म्हणजे पुन्हा तेच, रजिस्टर दाखवा, नंबर दाखवा. दोन्ही देशांकडे जगाला अनेकदा जाळायला पुरतील एवढे बॉम्ब शिल्लक होते, मैत्री झालेली नव्हती, तरी एकानं दुसऱ्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचं हे दोघांनी मान्य केलं.

१९८६ च्या सुमारास जगात सत्तर हजारांच्या घरात अण्वस्त्रं होती. आज ती बारा हजारांच्या आसपास आहेत. हे आपोआप झालेलं नाही. १९९३ मध्ये रशिया आणि अमेरिकेनं आणखी एक व्यवहार केला: सुमारे वीस हजार बॉम्बांतलं ५०० टन युरेनियम पातळ करून अमेरिकेच्या वीजकेंद्रांना इंधन म्हणून विकायचं. वीस वर्षं ते चाललं. त्या काळात अमेरिकेतल्या साधारण दर दहा दिव्यांतला एक दिवा, एके काळी अमेरिकेच्याच शहरांवर रोखलेल्या बॉम्बांच्या युरेनियमवर जळत होता. मी हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता पसरायची.

१९८७ चा तो करार २ ऑगस्ट २०१९ रोजी संपला. रशियानं बंदीतलं क्षेपणास्त्र बनवलं असा अमेरिकेचा आरोप, रशियाचा उलटा आरोप, आणि अमेरिका बाहेर पडली. दोघांमधला शेवटचा मोठा करार, २०१० चा नवा स्टार्ट, तैनात अण्वस्त्रं प्रत्येकी १,५५० वर बांधणारा. २०२३ मध्ये रशियानं त्यातला सहभाग थांबवला, आणि त्याची मुदतही ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. तीस-चाळीस वर्षांत मोठ्या कष्टानं उभं केलेलं रजिस्टर पाना-पानानं फाटत आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतं. ज्यांनी ते उभं केलं ते भाबडे नव्हते; एकमेकांचा पक्का संशय असलेली, कामाला चिवट अशी ती माणसं होती.

आपल्या घरचा एक दाखला फारसा कुणाला माहीत नसतो. १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्ताननं रासायनिक शस्त्रं करणार नाही, बाळगणार नाही असं संयुक्तपणे जाहीर केलं होतं. १९९७ मध्ये रासायनिक शस्त्रबंदीचा जागतिक करार लागू झाला तेव्हा भारतानं कबूल केलं की आपल्याकडे असा साठा आहे. आधीच्या घोषणेनंतर ही कबुली किती अवघड असेल! पण केली. या करारावर देखरेख ठेवणाऱ्या हेगच्या संस्थेचे निरीक्षक आले, त्यांनी पाहिलं, मोजलं, आणि २००९ मध्ये साठा पूर्ण नष्ट झाला. अमेरिकेला ते संपवायला २०२३ चा जुलै उजाडला. त्यांच्या आधी चौदा वर्षं आपण मोकळे झालो होतो. सीरियासारख्यांनी करारात येऊनही दगा दिला, हेही खरं. पण आपल्यापुरतं विचारते: तो साठा गेल्यानं आपली सीमा एका वीतभरानं तरी कमकुवत झाली का? उलट असल्या विषारी पिंपांवर पहारा देण्याचं काम आपल्याच कुणा जवानाच्या नशिबी होतं, ते सुटलं. हा कराराचा चांगला नमुना आहे. सगळ्यांना एकच नियम, सगळ्यांच्या दारी निरीक्षक, बड्या राष्ट्रांनाही सूट नाही. आणि असा करार समोर आला तेव्हा भारतानं सही करायला मागंपुढं पाहिलं नाही.

आता युक्रेन. हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०२२ च्या मार्चमध्ये दहावीच्या वर्गात एका मुलानं मला विचारलं, "बाई, युक्रेननं बॉम्ब परत दिले नसते तर?" सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर सुमारे १,९०० दूरपल्ल्याची अण्वस्त्रं होती. डागायची सूत्रं मॉस्कोच्या हातात होती हे खरं, पण वस्तू यांच्या अंगणात होती. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्टच्या कागदावर रशिया, अमेरिका आणि ब्रिटननं त्यांच्या सीमांचा आदर करू असा शब्द दिला. वीस वर्षांनी क्रिमिया गेला आणि आणखी आठ वर्षांनी रणगाडे आले.

मी त्या मुलाला माझ्या आबांची गोष्ट सांगितली. युक्रेननं बंदूक जमा केली, पावतीही घेतली. पण तात्यांची बंदूक घरीच राहिली होती, आणि ठाण्यात कुणी अंमलदारही नव्हता. नुसत्या शब्दावर एकट्यानं जमा केलेली बंदूक हा १८१९ चाच तह झाला. त्यातून शिकायचं असेल तर हे, की आश्वासनावर कपात करू नये, बरोबरीनं आणि मोजून करावी. दक्षिण आफ्रिकेनं स्वतः बनवलेले सहा बॉम्ब मोडले आणि १९९३ मध्ये जगाला सांगितलं, त्यांच्या दाराशी असा शेजारी नव्हता. माझं हे उत्तर खारकिवमधल्या एखाद्या बाईला पुरणार नाही, हे मला कळतं. त्या मुलाला पुरलं की नाही, तेही त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

मग आपल्या दोन शेजाऱ्यांशी काय करावं? इथं मी आकाशातल्या गोष्टी मागत नाही. उद्या सकाळी भारतानं अण्वस्त्रं मोडावीत असं म्हणणारी मी नाही. पण जे आधीच थोडंफार आहे ते धरून पुढं जाता येतं.

३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत आणि पाकिस्ताननं एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यातलं एक कलम असं, की दर वर्षी १ जानेवारीला दोघांनी आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना द्यायची. १९९२ पासून ही देवघेव सुरू आहे. १ जानेवारी २००० ही तारीख घ्या. आदल्याच दिवशी कंदाहारला अतिरेकी सोडून आपण आपल्या विमानातले प्रवासी सोडवून आणले होते, कारगिलला सहा महिनेही झाले नव्हते. यादी दिली, यादी घेतली. १ जानेवारी २००२ ला संसदेवरच्या हल्ल्यानंतर दोन्ही सैन्यं सीमेवर समोरासमोर उभी होती. यादी दिली, यादी घेतली. याला मी मैत्री म्हणत नाही. आबा आणि तात्यांनी एकमेकांचा नंबर टिपून घ्यावा, तसं हे आहे. पण हे दोन देश मोजणीच्या करारात राहू शकतात, याचा याहून भक्कम पुरावा मला माहीत नाही.

दुसरा करार २००५ चा. बॅलिस्टिक, म्हणजे उंच जाऊन कमानीसारखं खाली येणाऱ्या क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची तर एकमेकांना आगाऊ कळवायचं. त्यात विमानासारखी उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रं नाहीत, म्हणजे आपलं ब्राह्मोस नाही आणि त्यांचं बाबरही नाही. ९ मार्च २०२२ रोजी आपल्याकडून एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात सव्वाशे किलोमीटर आत, मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, कुणी दगावलं नाही. तांत्रिक चूक झाली असं भारतानं सांगितलं, चौकशी झाली, हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं. पलीकडं त्या वेळी कुणीतरी पेत्रोव बसला होता असं समजू या. दर वेळी तो तिथं असेलच असं नाही. मे २०२५ मध्ये चार दिवस ड्रोन आणि क्षेपणास्त्रं दोन्ही बाजूंनी उडाली आणि १० तारखेला दोन्हीकडच्या लष्करी कारवाई महासंचालकांच्या फोनवर ती थांबली. त्या चार दिवसांत असं एखादं चुकून सुटलं असतं तर चूक म्हणून कुणी मानलं असतं? २००५ च्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रं घाला, एवढी एक मागणी साताऱ्याच्या आणि सांगलीच्या खासदारांनी संसदेत लावून धरली तर ती सैन्याविरुद्ध ठरत नाही. तिनं आपल्या जिल्ह्यातली माणसंच वाचतील. त्याच्या पुढची मागणी पाकिस्तानच्या नस्रसारख्या साठ-सत्तर किलोमीटर पल्ल्याच्या अण्वस्त्रांच्या कपातीची, जी थेट रणांगणावर आणायची भाषा केली जाते. ती मिळवायला बदल्यात आपल्याला काही द्यावं लागेल. काय द्यायचं यावर बोलायला तरी बसायला हवं.

चीनचं दुखणं वेगळं आहे. १९९६ च्या करारात प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही, असं कलम आहे. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये आपले वीस जवान दांडक्यांनी, दगडांनी झालेल्या झटापटीत गेले, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी माजी सैनिकांनी त्या कराराला शिव्या घातल्या. त्यांचा संताप मला समजतो. पण त्या रात्री दोन्हीकडून बंदुका चालल्या असत्या तर आकडा वीसवर थांबला नसता, असं माझं मत आहे आणि ते मी बदललेलं नाही. त्याच करारात एक कलम असं आहे जे कुणी वाचत नाही: ताबारेषेच्या दोन्ही बाजूंना ठरलेल्या पट्ट्यांत रणगाडे, मोठ्या तोफा, क्षेपणास्त्रं कमी करायची. ते अमलात आलंच नाही. का? ताबारेषा नेमकी कुठून जाते, यावर दोघांचे नकाशे जुळत नाहीत. करारातच लिहिलंय की आधी रेषेबद्दल एकमत हवं. मधल्या टप्प्याचे नकाशे २००० मध्ये दिले-घेतले गेले, पुढं काम बसलं. बांधाचं भांडण ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मोजणीवाला आला नाही, खुणा रोवल्या नाहीत, तर दोन्हीकडचे नांगर दर पावसाळ्यात हातभर सरकत राहतात. सीमेवर नांगराच्या जागी गस्त असते. चीनशी शस्त्रकपातीचं पहिलं काम नकाशे टेबलावर मांडायचं आहे आणि त्यासाठी वर्षानुवर्षं चिकटून बसणारी माणसं लागतील.

आमच्या गल्लीत एक निवृत्त हवालदार आहेत. उजवा पाय घोट्याखाली नाही. संध्याकाळी ते ओट्यावर बसतात, जयपूर फूट काढून बाजूला ठेवतात आणि फडक्यानं पायाचं टोक पुसून घेतात. मी बरीच वर्षं समजत होते की पाय लढाईत गेला. तसं नव्हतं. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्य सीमेवर गेलं तेव्हा शेतांतून, वाळूतून भूसुरुंग पेरले. युद्ध झालं नाही. २००२ च्या अखेरीस सैन्य माघारी घ्यायचं ठरलं, मग पेरलेलं काढायचं काम आलं. भूसुरुंगांवर संपूर्ण बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारात भारत नाही, पाकिस्तान आणि चीनही नाहीत. लांब सीमा राखायला ते लागतात, असं आपल्या बाजूनं म्हटलं जातं. हवालदारांना मी एकदा विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी लष्करावर रागाचा एक शब्द काढला नाही. ते म्हणाले, "बाई, नकाशा आमचाच होता. पेरताना एकेक मोजून कागदावर लिवलं होतं. काढताना त्या ओळीतला एक कमी भरला. पावसानं वाळू सरकली होती. साहेब म्हणाले, पुन्यांदा मोजा. म्हणून मी परत आत गेलो."